राजाला खिसा नसतो

त्यांना मास्तर म्हटलेलं खपायचं नाही. कुणी पायरीवरून "मास्तर, हाय काय आत?" अशी हाक मारली की आतून उत्तर यायचं, "मास्तर शाळंत असत्यात. हितं डिझायनर हाय." मग गिऱ्हाईक पायरी उतरायचं, मान वर करून बोर्ड वाचायचं, आणि आपण बरोबर ठिकाणी आलोय का नाही याचा विचार करत उभं राहायचं. बोर्डावर निळ्या अक्षरांत 'राजघराण्याचे फॅशन डिझायनर' असं लिहिलेलं, आणि खाली बारीक अक्षरांत, 'येथे पिको-फॉलची कामे होत नाहीत'. आधी तिथं साधं 'टेलर्स' होतं. पण हे एकदा मुंबईला जाऊन आले, तिथं कुठल्याशा मासिकात डिझायनर हा शब्द बघितला, आणि आल्या आल्या पेंटरला बोलावणं धाडलं. आम्ही तोंडावर साहेब म्हणायचो आणि पाठीमागं मास्तर. मी इथंही मास्तरच म्हणणार. गेलेला माणूस काही उठून भांडायला येत नाही, आणि आला तर मला आनंदच होईल.

कोल्हापुरात राजघराणं म्हटलं की लोक एकाच मोठ्या गादीचं नाव घेतात. ही गोष्ट तिची नव्हे. नदीकाठाला एक एवढंसं संस्थान होतं, कधीच विलीन झालेलं. त्या घराण्याचा नागाळा पार्कात बंगला होता, त्याला आम्ही राजवाडाच म्हणायचो. तिथल्या माणसांच्या अंगावरचं सगळं, दसऱ्याच्या अंगरख्यापासून घरात घालायच्या सुरवारीपर्यंत, मास्तरांच्या हातचं. त्याआधी मास्तरांच्या वडिलांच्या हातचं. मी दुकानात कामाला लागले तेव्हा राजे वारलेले होते. मूलबाळ नव्हतं. मागं राहिल्या होत्या त्या आईसाहेब. साठी कधीच ओलांडलेली, अंगानं बारीक, आवाज कधी चढायचा नाही. पण त्यांनी नुसतं 'बरं' म्हटलं तरी मास्तर शिवलेलं परत उसवायला घ्यायचे.

मी कसबा बावड्याची. नव्वद सालानंतरची गोष्ट. शिवणक्लास केला, सासरी भांडले, आणि सायकल हाणत गंगावेशीतल्या त्या बोळात काम मागायला गेले. मास्तरांनी ना गाव विचारलं ना नाव. कापडाचा तुकडा पुढं टाकून म्हणाले, "काज करून दाव." मी बटणाचं काज करून दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडं धरून बघितलं आणि म्हणाले, "उद्यापास्नं ये, काजंवाली." तेव्हापासून मी काजंवाली झाले ती झालेच.

आम्ही बौद्ध. पहिल्यांदा मास्तरांबरोबर राजवाड्यावर कपडे घेऊन गेले तेव्हा कारभाऱ्यांनी आडनाव विचारलं, आणि ऐकून मला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. माझं डोकंच फिरलं. सायकल घेऊन परतच जाणार होते. तर मास्तर येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले, मांडीवर पाहुण्यांसाठी शिवलेला कोट घेऊन, आणि म्हणाले, "काजं ह्या बाईंनी केल्यात. बटणं त्याच लावून दावतील. आमी बसतो हितं, घाई न्हाय." कारभारी आतबाहेर करत राहिले. शेवटी आतून आईसाहेबांनी विचारलं, "कोट कुठाय?" आणि दोघांनाही आत घेतलं. मला वाटलं, काय शूर माणूस आहे हा! बाहेर आल्यावर बघते तर ह्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला, आणि सायकलच्या कुलपात किल्ली जाईना. "आई गं, काय केलं मी ह्ये," म्हणत उभे. तर असे शूर.

मास्तरांचं एक वेड होतं, खिशाचं. खिसा म्हटलं की ह्यांचं तोंड वाकडं. "राजाला खिसा नसतो," म्हणायचे. "ज्याला कायतरी लपवायचं असतंय, न्हाय तर हरवायची भीती असतीया, त्याला खिसा लागतोय. राजाला दोन्ही न्हाय. माझ्या बापानं ह्ये राजवाड्याच्या दारात, तोंडावर सांगितलंय." दिवसातनं एकदा तरी हे वाक्य व्हायचंच. आणि राजांचं राहू द्या, हे कुणालाच खिसा लावायचे नाहीत. एका हायस्कूलच्या गुरुजींनी सदरा नेला आणि दुसऱ्या दिवशी तणतणत आले.

"अहो, पेन कुठं लावू मी?"

"कानाला लावा की."

"आणि बसचा पास?"

"कंडक्टर वळखत न्हाय व्हय तुमास्नी? मग गुरुजी कशाचं?"

गुरुजी परत आले नाहीत. अशी किती गिऱ्हाइकं गेली! मी म्हणायची, "साहेब, एक चौकोनी तुकडा लावायला काय जातंय?" तर माझ्याशीच अबोला धरायचे. तो अबोला चहा येईपर्यंत टिकायचा.

त्यांच्या स्वतःच्या कपड्यांनाही खिसा नव्हता. सगळा संसार डोक्यावरच्या टोपीत. खडू, ब्लेड, टाचण्यांची डबी, बोटात घालायचं अंगुस्तान, तंबाखूची पुडी, एकदा तर कागदात गुंडाळलेला अर्धा वडा. त्यामुळं टोपी कधी निघायची नाही, देवळातसुद्धा. राजवाड्यात मुजरा करताना मान ताठ ठेवून नुसते गुडघ्यातनं खाली जायचे. आईसाहेबांना वाटायचं ह्यांची पाठ धरलीय. दर खेपेला तेल चोळायला सांगायच्या.

मग आईसाहेबांनी दत्तक घ्यायचं ठरवलं, आणि आमच्या बोळातली हवाच बदलली.

घराण्यात भाऊबंद होते. त्यांना आपल्यातलाच मुलगा बसवायचा होता. आईसाहेबांनी लांबच्या नात्यातला, साध्या शेतकरी घरातला मुलगा निवडला होता. कोण, कुठला, हे विधीच्या दिवसापर्यंत कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर त्या आईबापांना धमकावायला भाऊबंद दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते. पण कपडे तर आधीच शिवायला लागणार. म्हणजे मुलगा कोण ते मास्तरांना कळणार. आणि मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गंगावेशीला ठाऊक.

कारभारी स्वतः दुकानात आले. खुर्ची पुसून बसले.

"दोन गोष्टी. एक, बाहेर शब्द जाता कामा नये. दुसरी, घराण्याची रीत तुम्हाला माहीत आहे. जन्मघरचा दोरासुद्धा मुलाच्या अंगावर राहत नाही. आंघोळ घालून, करदोडासुद्धा तोडून, मग आपले कपडे चढवायचे. त्या घरचं काही अंगावर दिसलं, तर भाऊबंद भर विधीत बोंब मारतील, विधी बाटला म्हणून कोर्टात जातील. असं काही झालं तर मास्तर, तो बोर्ड तुम्हीच उतरवायचा. आईसाहेबांचा निरोप आहे."

मास्तरांनी ह्या वेळी 'मास्तर' म्हटल्याबद्दल काहीच म्हटलं नाही.

समोरच्या चहाच्या टपरीवर भाऊबंदांचा एक माणूस येऊन बसायला लागला. पांढरी पँट, पायात करकरणाऱ्या चपला. सकाळी यायचा आणि दुकान बंद होईपर्यंत आमच्याकडं तोंड करून बसायचा. एकदा पायरीवर आला. "काय पावणं, काम लई दिसतंय. पोराचं नाव नगा सांगू. उंची तरी सांगा."

मास्तर काय बोलतील ह्याचा भरवसा नव्हता. आणि ते बोललेच की! "उंची व्हय? ही बगा," म्हणून हात छातीशी धरला. पानवाल्याला सांगितलं, पाळण्यातलं बाळ आहे. न्हाव्याला सांगितलं, मिसरूड फुटलेला गडी आहे. आणि शोकेसमध्ये एकाखाली एक लहानमोठे पाच-सहा अंगरखे टांगून ठेवले. सगळ्या गंगावेशीत प्रत्येकाकडं वेगळा राजा. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. एका सकाळी शोकेसची काच फुटलेली सापडली. मास्तरांनी काचा गोळा केल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला दुपारी लवकर घरी जायला सांगितलं. मी गेले नाही. मी काय त्या करकरणाऱ्या चपलांना भिणार होते?

एका दुपारी दुकान बंद ठेवून मागच्या दारानं माप घ्यायचं ठरलं. पडदे लावलेल्या जीपमधून कारभारी मुलाला आणि त्याच्या आईला घेऊन आले आणि स्वतः दारात पहाऱ्याला उभे राहिले. मुलगा दुसरी-तिसरीतला. खाकी चड्डी, केसाला चप्प तेल. आईनं नवं लुगडं नेसलेलं, पण तिचं लक्ष कशातच नव्हतं. मास्तर टेप घेऊन गुडघ्यावर बसले. बाहीचं माप घ्यायला गेले तर पोराची उजवी मूठ उघडेना.

"मूठ सोडा, बाळराजे."

"न्हाय."

आई म्हणाली, "त्याच्या वासराच्या गळ्यातलं घुंगरू हाय, दादा. काल सोडून घेतलंय. जेवतानाबी हातातनं ठेवत न्हाय." मग त्याला समजावत म्हणाली, "दे बघू माझ्याकडं. तिकडं न्यायचं नसतंय."

मुलानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मास्तरांना विचारलं, "माझ्या नव्या कापडाला खिसा कुठं असणार?"

मास्तरांच्या तोंडून सवयीनं गेलं, "राजाला खिसा नसतोय, बाळराजे."

"मग मी न्हाय हुईत राजा," पोरगं म्हणालं. रडलं नाही, ओरडलं नाही. नुसतं सांगितलं आणि चड्डीच्या खिशात मूठ घालून उभं राहिलं.

आईनं पदर तोंडात धरला. मला तिच्याकडं बघवेना, मी टेबलावरचा दोरा उगाच गुंडाळत बसले. मास्तरांनी टेप गळ्यात टाकला. मग हळूच टोपी काढली. मी त्यांचं टक्कल पहिल्यांदा बघितलं. टोपी पोरापुढं धरली आणि कुजबुजले, "ह्यात टाका. कापडं घालताना मी परत दीन."

"नक्की देणार न्हवं?"

"आईशप्पत."

घुंगरू टोपीत पडलं. बाहेर कारभारी खाकरले. मास्तरांनी टोपी घातली आणि बाहीचं माप घेतलं.

ते गेल्यावर दुकान उघडलं आणि मी हळूच म्हटलं, "साहेब, डोकं ठिकाणावर हाय का? बोर्ड उतरंल."

"ठाव हाय मला."

"नुसता बोर्ड न्हाय. ते पोरगं, त्याचे आईबाप, सगळीच अडकतील."

"ठाव हाय म्हटलं न्हवं?" असे ओरडले की टोपीत घुंगरू वाजलं. समोरच्या टपरीवरून पांढऱ्या पँटवाल्यानं मान उंचावली. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलंच, "पावणं, डोक्यात काय वाजतंय?" मास्तर म्हणाले, "मांजराचं हाय. मांजर हरवलंय."

अंगरखा शिवला लाल मखमलीचा, जरीकाठाचा. आणि मग खिसा. आता ऐका गंमत. आयुष्यभर खिशाला नावं ठेवणाऱ्या माणसाला खिसा लावायलाच येत नव्हता! लावायचा, तिरका बसायचा, उसवायचा. परत लावायचा. मधेच हात थांबायचे आणि म्हणायचे, "नगोच. सांगू पोराला, हरवलं म्हणून." मग परत सुई उचलायचे. शेवटी मी हातातनं कापड ओढून घेतलं आणि आतल्या बाजूला, डाव्या छातीवर, अस्तरात दडेल असा खिसा मीच लावला. आत कापूस भरला, घुंगरू वाजू नये म्हणून. मास्तरांनी घुंगरू आत घालून अंगरखा कानाशी धरला, हलवून बघितला. आवाज नाही. तरी धीर होईना, घुंगरू परत टोपीत गेलं.

विधीच्या दिवशी कपडे चढवायला मास्तर आणि मदतीला मी. बाजूच्या खोलीत मुलाला आंघोळ घालून आणलं होतं. अंगावर दोरा नाही. जुने कपडे कारभाऱ्यांनी गाठोडं बांधून बाहेर पाठवले. मुलगा मास्तरांकडं एकटक बघत होता. मास्तरांनी अंगरखा चढवला, बंद बांधायच्या निमित्तानं पाठ कारभाऱ्यांकडं केली, आणि टोपीतलं घुंगरू आतल्या खिशात सरकवलं. मुलाचा खांदा सैल पडलेला मला दिसला.

दिवाणखान्यात होम पेटलेला. एका बाजूला भाऊबंद पुढच्या रांगेत, त्यांच्यात तो पांढऱ्या पँटवालाही, आज धोतर नेसून. सगळ्यांचे डोळे त्या पोरावर. बापानं हातावर पाणी सोडलं. आईनं 'दिला' म्हटलं, ते मला तरी ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलले. आईसाहेबांनी मुलाला मांडीवर घेतलं, त्याचं मस्तक हुंगलं. मी आणि मास्तर दारापाशी उभे. धुरानं पोराला खोकला येत होता आणि त्याच्या प्रत्येक खोकल्याला मास्तर माझं मनगट दाबत होते. दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं पडलेलं.

सगळं पार पडलं असं वाटलं आणि भटजी म्हणाले, "आता थोरांना नमस्कार करा." मुलगा उठला आणि थेट भाऊबंदांच्या रांगेपुढं जाऊन पायांवर वाकला. पुरता वाकला. कापूस कुठंतरी सरकला असणार. छुन्न झालं.

बारीकच आवाज. पण दिवाणखाना गप्प होता. धोतरवाल्याची मान वळली. आणि पलीकडं, खांबाआड उभ्या राहिलेल्या त्या माऊलीनं खाली घातलेली मान वर केली. तिला कळलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. मुलाचं अजून कितीतरी जणांच्या पाया पडायचं राहिलं होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारी मास्तर पुढं झाले, "मुजरा, बाळराजे!" असं भसाड्या आवाजात ओरडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कमरेतून वाकले.

टोपी फरशीवर. ब्लेड, खडू, अंगुस्तान, तंबाखू. टाचण्यांची डबी फुटली आणि टाचण्या दिवाणखानाभर पसरल्या. एकच गोंधळ. अनवाणी माणसं पाय उचलून उभी. कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं. मास्तर उघड्या डोक्यानं, आईसाहेबांच्या समोर उघड्या डोक्यानं, रांगत टाचण्या वेचत होते आणि मोठमोठ्यानं "माफी असावी, माफी असावी" म्हणत होते. त्या गडबडीत मी मुलाला जवळ घेतलं, फेटा नीट करायचं सोंग करून खिशातला कापूस दाबून बसवला. पुढचे नमस्कार गपचूप झाले. दत्तक झाला. धोतरवाला मात्र जाताना माझ्याकडं बघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यावरून निरोप आला. दोघांनी यावं. मास्तरांनी आधी स्टूल घेऊन बोर्डाचे स्क्रू ढिले करून ठेवले. "परत येऊन काढायला हात चालणार न्हाईत," म्हणाले.

आईसाहेब खिडकीशी बसल्या होत्या. मास्तरांनी मुजरा केला. टोपी रिकामी होती, तरी मान ताठच.

"पाठ काल बरी होती तुमची," आईसाहेब म्हणाल्या.

मास्तर टोपी चाचपत राहिले. मीच म्हटलं, "आईसाहेब, खिसा मी लावला."

"तुम्हाला विचारलं नाही अजून." मग मास्तरांना म्हणाल्या, "बाळराजे काल अंगरखा काढू देईनात. तसेच झोपले. कुशीवर वळले की वाजायचं. आम्ही ऐकत बसलो होतो."

मग त्या खिडकीकडं वळून बोलल्या.

"आम्ही लग्न होऊन ह्या घरात आलो तेव्हा आत्ताच्या बाळराजांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असू. दारात सगळं उतरवून घेतलं. बांगड्यासुद्धा. आमच्या मुठीत माहेरचा एक सागरगोटा होता. तुमचे वडील कपडे घेऊन उभे होते. आम्ही त्यांना विचारलं, हा कुठं ठेवू? ते काय म्हणाले, माहीत आहे तुम्हाला?"

मास्तरांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. दिवसातनं एकदा ऐकत होतो की आम्ही ते वाक्य. माझ्या बापानं राजवाड्याच्या दारात, तोंडावर सांगितलंय, अशी मास्तर फुशारकी मारायचे. ते तोंड कुणा राजाचं नव्हतं, एवढ्याशा मुलीचं होतं. मास्तर मटकन खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लहान पोरागत रडले.

आईसाहेबांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "बोर्ड राहू द्या. आणि आमच्या पुढच्या चोळीला आतून एक खिसा लावा. त्या बाईंकडून लावून घ्या, तुमचा तिरका येत असेल."

चोळी शिवून राजवाड्यावर गेली. खिशात त्यांनी काय ठेवलं ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर मास्तरांनी ते वाक्य परत कधी उच्चारलं नाही. उलट दुसरंच वेड लागलं. ज्याला त्याला खिसा! पायजम्याला चार, बनियनला एक. तेच गुरुजी कुणीतरी सांगितलं म्हणून परत आले, तर त्यांच्या सदऱ्याला आतून बाहेरून इतके खिसे लावले की गुरुजींना स्वतःचं पेन सापडेना. भांडण ते झालंच. टोपी मात्र तशीच भरलेली राहिली. आणि त्या तिरक्या खिशावरून मी चिडवलं की अबोला, चहा येईपर्यंत.

दोन हजार सालानंतर ते गेले, झोपेतच. दुकान मी चालवते. बोर्ड तोच, त्याचे स्क्रू अजून ढिलेच आहेत.

मध्यंतरी बाळराजे आले. आता कसले बाळ, कॉलेजात जातात, मिशी फुटलीय, बोलणं शहरी झालंय. आईसाहेबांचं वर्षश्राद्ध झालेलं आणि दसऱ्याला पहिल्यांदा गादीवर एकट्यानं बसायचं, त्यासाठी अंगरखा हवा होता. मी माप घेतलं. काही न विचारता आतून, डाव्या छातीवर, खिसा लावला, कापूस भरला, आणि घालून बघायला दिला. भाऊबंद अजून आहेत, पुढच्या रांगेत अजून बसतात, मला उगाच धास्ती.

त्यांनी अंगरखा चढवला. खिशात दोन बोटं घालून कापूस सगळा ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. दुसऱ्या मुठीत तेच घुंगरू होतं.

"कापूस नको, मावशी," म्हणाले. "आता वाजू दे."